आनंदबुवांच्या चुकीस मंजुरी

कसबा पेठेतील अच्युतनाथ मठात, आषाढी एकादशीच्या आधीच्या गुरुवारी, सायंकालीन प्रवचनाच्या ओघात मठाधिपती श्री. आनंदबुवा यांच्या मुखातून 'दोडका' हा शब्द बाहेर पडला. शब्द निरुपद्रवी होता आणि दुसऱ्या कोणत्याही वाक्यात पडला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु चातुर्मासात काय वर्ज्य करावे हे सांगणाऱ्या वाक्यात तो पडला. 'कांदा, लसूण आणि दोडका,' असे बुवा म्हणाले. पिढ्यान्‌पिढ्या त्या तिसऱ्या जागी वांगे बसत आलेले आहे.

चूक कशी झाली याविषयी मतभेद नाही. मठात येताना बुवा पत्नीच्या सांगण्यावरून मंडईत डोकावले होते. भाजीची कापडी पिशवी आसनाशेजारी टेकवलेली होती आणि तिच्या तोंडातून दोन दोडके सभेकडे पाहत होते. कांदा झाला, लसूण झाला; तिसरे नाव आठवण्यासाठी बुवांनी क्षणभर दृष्टी खाली वळवली आणि जे दिसले ते उच्चारले. सत्तरी ओलांडलेल्या व भाजी घरी नेण्याची धास्ती बाळगणाऱ्या कोणाही गृहस्थाकडून असे घडू शकते. बुवा गृहस्थ होते. फक्त ही गोष्ट मठाच्या कागदपत्रांत कोठे नमूद नव्हती.

घरी पोहोचून त्यांनी पिशवी दुर्गाबाईंच्या हाती दिली. दुर्गाबाईंनी प्रवचन मोबाइलवर ऐकलेले होते. त्यांनी दोडके बाहेर काढून ओट्यावर ठेवले आणि विचारले, "हे आता टाकून द्यायचे का?"

"का बरे?"

"आत्ताच वर्ज्य करून आलात ना?"

बुवांच्या लक्षात आले. "अगं, मला वांगे म्हणायचे होते."

"मग चुकलात."

"चुकलो," बुवा म्हणाले, आणि येत्या गुरुवारी दुरुस्ती करावी असे ठरवून शांतपणे जेवायला बसले. दोडक्याची भाजी उत्तम झाली होती.

माणूस चुकतो, चूक सांगतो, विषय संपतो, अशी बुवांची साधी समजूत होती. घरात ती अनेक वर्षे यशस्वीपणे चाललेली होती. शहराचा मात्र त्यांना अंदाज आला नाही. दोडका ही भाजी पुण्यातील घरोघरी केली जाते. ती खाल्ली जाते असे विधान करणे धाडसाचे ठरेल. पथ्य, पावसाळा, मधुमेह आणि उरलेली मुगाची डाळ अशा निरनिराळ्या निमित्तांनी ती पानात येते आणि पानाच्या कडेला जाते. या भाजीविरुद्ध शहरात दीर्घकाळ असंतोष धुमसत होता. त्याला धर्माचे अधिष्ठान तेवढे मिळालेले नव्हते. ते त्या गुरुवारी मिळाले.

उदाहरणार्थ, शुक्रवार पेठेतील संजय नावाचे विमा अधिकारी. यांनी अच्युतनाथ मठ बाहेरूनही पाहिलेला नव्हता. शुक्रवारी जेवायला बसताच त्यांनी पानातील दोडक्याला हात जोडले.

"बुवांची आज्ञा आहे," ते पत्नीला म्हणाले.

"कोण बुवा?" विजयमालाबाईंनी विचारले.

"आनंदबुवा. आपण त्यांचे अनुयायी आहोत."

"कधीपासून?"

"कालपासून."

विजयमालाबाईंनी दोडका परत पातेल्यात टाकला आणि मग काय करू असे विचारले. संजयरावांनी अत्यंत नम्रपणे भरल्या वांग्यांची सूचना केली. बुवांच्या यादीत वांगे नव्हते, आणि ज्याचा बुवांनी निषेध केलेला नाही त्याचा आपण करणे हा अहंकार झाला असता. अशा रीतीने त्या वर्षी पुण्यात भर चातुर्मासात भरली वांगी, वांग्याचे भरीत आणि वांगीभात हे पदार्थ निष्कलंक मनाने खाल्ले जाऊ लागले. धर्मपालनात इतका आनंद असतो हे अनेकांना नव्याने कळले.

शनिवारपर्यंत शास्त्रीय कारणही सापडले. दोडक्याच्या शिरांच्या खोबणींत पावसाळी हवेतील नकारात्मक ऊर्जा साठून राहते आणि वांगे गुळगुळीत असल्यामुळे ती त्यावरून घसरून जाते, अशा आशयाचा संदेश मोबाइलवरून सर्वत्र पोहोचला. त्याखाली एका परदेशी विद्यापीठाचे नाव होते. ते विद्यापीठ कोणत्या देशात आहे हे कोणी पाहिले नाही. नकारात्मक ऊर्जेच्या बाबतीत देशाने फरक पडत नाही.

पुढच्या गुरुवारी मठाचे सभागृह पुरले नाही. लोक जिन्यावर बसले, खाली गल्लीत उभे राहिले. बुवांनी मंगलाचरण आटोपले, चष्मा काढला आणि स्वच्छ शब्दांत सांगितले की, गेल्या गुरुवारी माझ्याकडून चूक झाली. वर्ज्य वांगे आहे, दोडका नव्हे. आपल्याला झालेल्या गैरसमजाबद्दल मी क्षमा मागतो.

 मग मागच्या रांगेतून कोणी तरी हुंदका दिला. "काय हा विनय," असे एकजण म्हणाला. एवढा मोठा अधिकारी पुरुष, पण चूक नसताना क्षमा मागतो, अशी कुजबुज पुढे सरकत आली. टाळ्या झाल्या. पुष्कळांचे डोळे पुसून झाले आणि मंडळी भारावलेल्या अवस्थेत घरी जाऊन वांगी जेवली.

बुवा अस्वस्थ झाले. विनयाची आणि दुरुस्तीची अशी गल्लत होऊ नये म्हणून त्यांनी विश्वस्त मंडळाकडे धाव घेतली आणि मठाच्या फलकावर शुद्धिपत्रक लावावे अशी विनंती केली.

विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष हिंमतराव हे मंत्रालयातून उपसचिव म्हणून निवृत्त झालेले होते. अर्थात केवळ देहाने. त्यांनी बुवांना वाकून नमस्कार केला, त्यांच्यासाठी उशी मागवली आणि अर्ज फेटाळला.

"शुद्धिपत्रक काढण्यासाठी मुळात अशुद्धी असावी लागते," हिंमतराव म्हणाले. "आपल्याकडून ती झाल्याचे मंडळाच्या अभिलेखात नाही."

"मी स्वतः सांगतो आहे."

"आपण हितसंबंधी पक्ष आहात. आपली साक्ष ग्राह्य धरता येत नाही."

तरीही बुवांचा मान राखण्यासाठी एक चौकशी समिती नेमण्यात आली. समितीत हिंमतराव होते आणि अभय होता. अभय खराडीच्या एका संगणक कंपनीत नोकरी करी आणि मठाचे मोबाइल ॲप सांभाळी. आपण चुकलो असे बुवा कोणत्या आधारावर म्हणतात याचा खुलासा बुवांकडून मागवण्यात आला. बुवांनी पोथी आणली. समितीने पोथी पाहिली, त्यात वांगे असल्याचे मान्य केले आणि पोथी जुनी असल्याचा शेरा मारला. बुवांनी पंचांग आणले. पंचांग नवे असल्यामुळे तेही फेटाळण्यात आले. अखेर बुवांनी दुर्गाबाईंचे नाव साक्षीदार म्हणून दिले. पत्नी पतीला चुकला म्हणते हा पुरावा नसून प्रघात आहे, असे समितीने नोंदवले.

क्षमेच्या प्रकाराविषयीही बराच ऊहापोह झाला. हिंमतरावांच्या मते खेद हा शासन व्यक्त करते, दिलगिरी वृत्तपत्रे व्यक्त करतात, माफी शाळेतील मुले मागतात, आणि क्षमा देवाकडे मागायची असते. मठाधिपतींनी भक्तांकडे काय मागावे यासाठी मराठीत शब्दच उपलब्ध नाही, आणि जेथे शब्द नाही तेथे कृती करणे प्रशासकीय दृष्ट्या धोक्याचे आहे. अभयने तडजोड सुचवली. पहिले विधान आणि दुसरे विधान ही दोन व्हर्जन्स मानावीत आणि ज्याला जे चालते ते त्याने वापरावे. जुने व्हर्जन बंद केले तर युजर नाराज होतात, हा त्याचा खराडीतील अनुभव होता.

शेवटी बुवांनी तर्काचा आश्रय घेतला. "माझी चूक होत नाही, हे आपले मत?"

"मत नव्हे. श्रद्धा."

"मग मी चुकलो, असे मी म्हणतो, ते बरोबरच असले पाहिजे."

हिंमतरावांनी डोळे मिटले. सेवाकाळात याहून अवघड नस्त्या त्यांनी हाताळल्या होत्या. "आपण चुकलो, असे म्हणण्यात आपली चूक होत आहे," ते म्हणाले.

"म्हणजे माझी चूक होऊ शकते?"

"फक्त तेवढी."

अहवालात बुवांचे हे विधान 'भावनेच्या भरात केलेले' म्हणून नोंदवण्यात आले आणि दोडक्यावरील बंदी कायम झाली. ऋषिपंचमीच्या भाजीत दोडका लागतोच, तेव्हा काय करावे, अशी विचारणा काही चिकित्सक गृहिणींनी केली होती. ऋषींच्या भाजीपुरती एक दिवसाची शिथिलता देण्यात आली. मात्र दोडक्याचा तुकडा खाणाऱ्याच्या अंगठ्याहून मोठा नसावा अशी अट घालण्यात आली.

या सर्व घडामोडींत एक व्यक्ती अशी होती की जिचे खरोखर नुकसान होत होते. मंडईत कांताबाई नावाच्या भाजीवाल्या दोडका, घोसाळे, पडवळ असा माल घेऊन बसत. घोसाळी व पडवळे जेमतेम खपत होती. दोडक्याकडे गिऱ्हाईक पाहीनासे झाले होते. दोन आठवडे त्यांनी वाट पाहिली आणि तिसऱ्या गुरुवारी प्रवचनाच्या आधी टोपली घेऊन थेट मठाची पायरी चढल्या. टोपली त्यांनी आसनासमोर ठेवली.

"बुवा, माझ्या दोडक्यानं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

आनंदबुवा उठून उभे राहिले. आपल्या चुकीला चूक म्हणणारी दुसरी स्त्री त्यांना भेटली होती आणि त्यांना गहिवरून आले. त्यांनी हात जोडून सांगितले की, बाई, अपराध माझा आहे, मला क्षमा करा.

"माझ्यापाशी क्षमा मागून काय होणार? मी रोज खाते दोडका. गिऱ्हाइकापाशी मागा."

हे बुवांना तत्काळ पटले. प्रवचन बाजूला ठेवून ते कांताबाईंबरोबर चालत मंडईत गेले. मागोमाग सभा गेली. कांताबाईंच्या गाळ्यासमोर उभे राहून बुवांनी खणखणीत आवाजात सांगितले की, या भाजीत दोष नाही, दोष माझ्या जिभेत होता. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी टोपलीतील एक दोडका उचलला आणि कच्चाच चावला. दैवयोगाने तो कडू निघाला. बुवांचा चेहरा जसा व्हायचा तसा झाला, आणि त्याच क्षणी पन्नासभर मोबाइलांनी तो टिपला.

दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र शहरभर झाले. त्याखालील मजकूर हिंमतरावांनी स्वतः रचला होता. देवांसाठी महादेवाने हलाहल प्राशन केले, तसा भक्तांच्या वाट्याचा दोडका बुवांनी स्वमुखी घेतला, असा त्याचा सारांश होता. बुवा आपल्यासाठी दोडका खातात ही कल्पना लोकांना अतिशय भावली. तिच्यात त्याग होता, करुणा होती, आणि दोडका दुसऱ्याने खायचा होता. लागलीच प्रथा पडली. ज्याला संकल्प करायचा असे त्याने मंडईतून दोडका घ्यावा, हळदकुंकू लावावे आणि मठात बुवांच्या चरणी अर्पण करावा. संजयराव दर गुरुवारी पाव किलो अर्पण करू लागले.

कांताबाईंचा माल दुपारच्या आत संपू लागला. त्यांनी पडवळ बंद केले, गाळ्यावर बुवांचे ते तोंड वाकडे केलेले छायाचित्र लावले आणि सरळ शिरांचे दोडके 'अर्पणाचे' म्हणून वेगळे मांडले.

बुवा पुन्हा मंडईत गेले. "बाई, नुकसान तुमचे झाले होते. तुम्ही तरी मला क्षमा केल्याचे चारचौघांत सांगा."

"सांगितलं असतं बुवा. पण क्षमा केली म्हणजे चूक झाली होती असं होतं. मग हे सगळं बसतं ना खाली?" कांताबाईंनी गाळ्यावरून हात फिरवला. "कार्तिकीपर्यंत दम धरा. कार्तिकी झाली की करते क्षमा, अगदी मनापासून."

त्या दिवशी बुवा घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात दोडक्यांच्या तीन गोण्या होत्या. दुर्गाबाई शिरांची चटणी करत होत्या. ती त्या कितीही काळ करू शकल्या असत्या इतक्या शिरा समोर होत्या. बुवा पाटावर बसले आणि म्हणाले की, आता मला बोलायचीच भीती वाटते. ज्याचे प्रत्येक वाक्य खरेच ठरते त्याने तोंड कसे उघडायचे? उद्या मी सहज 'उकडते आहे' म्हणालो तर लोक स्वेटर जाळतील.

"मग बोलू नका," दुर्गाबाई म्हणाल्या.

बुवांनी बोलणे कमी केले. त्याला मौनव्रत म्हणण्यात आले आणि त्याबद्दल त्यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार झाला. शालीवर दोडक्याची नक्षी होती.

अशा अवस्थेत श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळी झाली. कार्तिकी एकादशीच्या दिवशी चातुर्मास संपला आणि समाप्तीच्या प्रवचनाला विक्रमी गर्दी लोटली. पहिल्या रांगेत हिंमतराव होते, त्यांच्यामागे संजयराव सहकुटुंब होते, कडेला ॲपवरून थेट प्रक्षेपण करणारा अभय होता. कांताबाईही आल्या होत्या. हंगाम संपत आल्यामुळे त्या क्षमा करण्याच्या मनःस्थितीत होत्या.

बुवा प्रसन्न दिसत होते. त्यांनी सभेवरून नजर फिरवली आणि विचारले, "माझ्याकडून चूक होत नाही, यावर आपली सर्वांची श्रद्धा आहे?"

सभेने एका आवाजात होकार दिला.

"पुन्हा एकदा विचार करून सांगा."

सभेने विचार न करता पुन्हा होकार दिला.

"तर ऐका. चातुर्मासात वर्ज्य वांगे होते. ज्यांनी ज्यांनी या चार महिन्यांत वांगे खाल्ले, त्यांनी प्रायश्चित्त म्हणून उद्यापासून चार महिने रोज दोन्ही वेळा दोडका खावा. स्वतः खावा. अर्पण करू नये."

 संजयरावांनी पत्नीकडे पाहिले. विजयमालाबाई पहिल्यांदाच बुवांकडे भक्तिभावाने पाहत होत्या. कोणी तरी हळूच म्हणाले की, बुवांचे वय झाले आहे हो. दुसऱ्याने सांगितले की, हल्ली त्यांना विसर पडतो, मागेही एकदा त्यांनी भलतेच काही सांगितले होते. तिसऱ्याचे म्हणणे पडले की, शेवटी तोही माणूसच आहे. 'माणूस' हा शब्द रांगेरांगेतून पुढे आला आणि हिंमतरावांपर्यंत येईतो त्याला ठरावाचे स्वरूप प्राप्त झाले.

हिंमतराव उठले. विश्वस्त मंडळाची तातडीची बैठक तेथेच, उभ्याउभ्या, भरवण्यात आली आणि पुढील ठराव एकमताने संमत झाला: मठाधिपती हे मनुष्य असल्याचे मंडळाच्या निदर्शनास आले आहे, सबब त्यांच्याकडून चूक होऊ शकते, आजचे विधान ही तशी चूक असून तिला मंडळ मंजुरी देत आहे, मात्र बुवांनी तिच्याबद्दल सभेची जाहीर क्षमा मागावी. शब्द उपलब्ध आहे की नाही, हा प्रश्न या खेपेस उपस्थित झाला नाही.

आनंदबुवांनी चष्मा काढला. "माझी चूक झाली. मला क्षमा करा," ते म्हणाले. कोणती चूक, हे त्यांनी सांगितले नाही आणि सभेनेही विचारले नाही. सभेने मोठ्या मनाने क्षमा केली. कांताबाईंनीही हात वर केला, पण त्या नेमकी कशाची क्षमा करत आहेत हे त्यांना एकट्यांनाच ठाऊक होते.

बुवा मंडईवरून घरी आले. चार महिन्यांनी त्यांची पावले हलकी पडत होती.

"मिळाली एकदाची क्षमा," त्यांनी दुर्गाबाईंना सांगितले.

"कशाबद्दल?"

"जे बरोबर बोललो त्याबद्दल."

"आणि चुकलात त्याबद्दल?"

"ते आता प्रथा म्हणून चालू राहील. अभयने पुढच्या आषाढासाठी ॲपवर टाकलेसुद्धा."

दुर्गाबाईंनी बुवांच्या हातातील पिशवी घेतली आणि ओट्यावर रिकामी केली. आतून चार काळीभोर, ताजी, देठासकट वांगी घरंगळत बाहेर आली. त्यांनी वांग्यांकडे पाहिले, मग बुवांकडे.

"चंपाषष्ठी कुठे झाली आहे अजून? आपल्या घरी त्याच्या आधी वांगे शिजते का?" त्या म्हणाल्या. "चुकलात."

"चुकलो," बुवा म्हणाले, आणि चार महिन्यांत प्रथमच पोट धरून हसले. मग उठून त्यांनी निमूटपणे दोडका चिरायला घेतला.

ही हकीगत लिहिताना वाचक हे हिंमतराव, संजयराव आणि सभेतील इतर मंडळींपेक्षा शहाणे आहेत असे सर्वत्र गृहीत धरलेले आहे. हे गृहीतक चुकीचे असल्यास कळवावे. दुरुस्ती करून बिनशर्त क्षमा मागितली जाईल. आजवर अशी गृहीतके धरून पुष्कळ लिहिले गेले, आणि दुरुस्तीची मागणी एकाही वाचकाकडून आलेली नाही.